हृदयांची मक्तेदारी

"साहेब, या दोन हृदय-कंपन्यांच्या विलीनीकरणाला मंजुरी द्या," मंदाकिनीने स्पर्धा आयोगाच्या अध्यक्षांपुढे हात जोडले. "ह्यांचं कृत्रिम हृदय त्यातल्या बुडत्या कंपनीच्या संकेतांवर चालतं. कंपनी बंद पडली, की तेही थांबेल."

"बाई, मंजुरी दिली तर देशातली सगळी हृदयं एकाच कंपनीच्या मुठीत जातील. कायदा आहे तो तेच अडवायला."

तिचे यजमान रंगनाथराव खुर्चीला धरून उठले. "साहेब, नकार द्या. आमच्या लेकीलाही माझाच आजार आहे. तिला कुणा एकाच्या दयेवर सोडू नका."

मंदाकिनीने झटकन त्यांचं तोंड दाबलं. "ह्यांचं ऐकू नका हो!"

अध्यक्षांनी मान खाली घातली आणि जड आवाजात नकार वाचायला घेतला. तिने रंगनाथरावांच्या छातीला कान लावला. आतली धडधड अजून चालू होती.