भिमाची बदली

"भिमाबाई सर्जेराव," सिस्टर बेनिग्नांनी हजेरीतलं नाव पुकारलं आणि वर्गातून दोन आवाज आले, "हजर!"

एक आवाज खिडकीखालच्या रांगेतला, रोजचा. दुसरा दारातला. दारात एक मुलगी उभी होती. उन्हानं करपलेली, अनवाणी, उसाच्या पाचटानं दोन्ही हात कोपरापर्यंत ओरखडलेले. दिवाळीनंतर आईबापाबरोबर ती नगरकडच्या सहकारी कारखान्यावर ऊसतोडीला गेली होती आणि टोळीच्या ट्रकमधून कालच गावी उतरली होती.

ते दुष्काळाचं वर्ष. सिस्टरबाईंच्या शाळेत दुपारी खायला सुकडी मिळते म्हटल्यावर आष्टीकडच्या तीन गावांनी आपली पोरं तिथं आणून सोडली होती. एकट्या तिसरीच्या खोलीत शहाण्णव. मुंगीलाही आत शिरायचं तर आधी विचारावं लागलं असतं. शेवटी मोठ्या सिस्टरांनी नवीन नावं घेणंच बंद केलं. पण खरं सांगायचं तर त्या दाटीत मजा होती. थंडीत अंगाला अंग लागून ऊब यायची, आणि न येणारा पाढा शेजारणीच्या तोंडून आपोआप आपल्या तोंडात यायचा.

सिस्टर बेनिग्ना दिवाळीनंतरच वसईहून इथं आलेल्या. त्यांना खिडकीखालचीच भिमा ठाऊक. हुशार, पाढ्यांत पक्की. तिची वही त्या सगळ्या वर्गाला दाखवायच्या.

"तू कोण?" त्यांनी दारातलीला विचारलं.

"भिमा."

"मग ही कोण?"

सगळ्या पोरांनी माना खाली घातल्या. सगळ्यांना ठाऊक होतं. इतक्या तोंडांत एक गोष्ट पाच महिने टिकली याचं सिस्टरांना पुढं फार कौतुक वाटलं. त्या घडीला मात्र त्या संतापल्या.

खिडकीखालची उभी राहिली. "वच्छला," ती कशीबशी म्हणाली. आता आपल्याला घरी धाडतील, एवढंच तिच्या डोक्यात होतं. घरी म्हणजे पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर, आईच्या मागं मातीची घमेली उचलायला.

"बदली हाय ती," व्हरांड्यातून आवाज आला. वच्छलेची चुलती भिवराबाई शाळेत सुकडी वाटायची. ती मापाचा डबा हातात घेऊनच दाराशी आली. "भिमा गेलती ऊस तोडाया. नाव रिकामंच पडलं हुतं, म्हणून म्या हिला बसिवलं."

"दुसरीच्या नावावर? असं कसं बसवलं?"

"कावून? तलावाच्या मस्टरवर चालती की बदली. एक बाळंत झाली तर तिच्या नावावर तिची जाऊ खडी फोडती. मुकादम काम बघतो, तोंड न्हाई बघत. तुमाला शहाण्णव हजर पायजे हुते. शहाण्णव हजर हाईत."

असला हिशेब सिस्टरांना कुठल्याच ट्रेनिंगमध्ये शिकवला नव्हता. भिवराबाईच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता. तिच्या हिशेबी तिनं चोरी केली नव्हती, दुष्काळात एक जागा वाया जाऊ दिली नव्हती, बस्स. सिस्टरांनी भिंतीवरच्या मारियामातेच्या तसबिरीकडे पाहिलं. तिकडूनही काही मदत आली नाही.

"हिच्या बापाचं नाव काय?" त्यांनी भिवराबाईला विचारलं.

"शहादेव. पर सिस्टरबाई, मोठ्या बाई वरडतेल ना तुमाला."

"ओरडू देत. त्यांचं मी बघते."

सिस्टरांनी हजेरीच्या तळाला सत्त्याण्णवावं नाव लिहिलं, त्याखाली रेघ मारली आणि नियमाप्रमाणे पुकारलं, "वच्छला शहादेव."

कोणीच हजर म्हणेना. या नावाला कोण ओ देतंय म्हणून वच्छलाच वर्गभर बघत राहिली. पाच महिन्यांत शाळेत तिला त्या नावानं कुणी हाकच मारली नव्हती.

"अगं, तूच की!" दारातून भिमा ओरडली. वर्ग खो खो हसला.

"हजर," वच्छला म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला आता आलं. बरं वाटलं म्हणून आलं.

खिडकीखालच्या रांगेनं दोन्हीकडून अंग चोरलं आणि वीतभर जागा झाली. तेवढ्या जागेत भिमा बसली. बसल्या बसल्या ती वच्छलेच्या कानाशी लागली. पण त्या दाटीत कानातलं बोलणंही चार रांगांना ऐकू जायचं.

"बदलीनं काम केलं की निम्मं नाववालीला द्यावं लागतंय. ठावं हाय न्हवं?"

वच्छलेनं मान हलवली. तलावावर तसंच चालायचं.

"मग दे माझं निम्मं."

"काय दिऊ?"

"पाच म्हैन्यात जे शिकलीस, त्यातलं."

वच्छला खरोखरच विचारात पडली. पाढे वीसपर्यंत झाले होते. पुस्तकातले अकरा धडे घडाघडा वाचता येत होते. सिस्टर हातात खडू घेऊन फळ्यापाशी उभ्या होत्या. वर्गात बोलल्याबद्दल रागवायचं त्या विसरूनच गेल्या.

"कोनतं निम्मं पायजे?" वच्छलेनं विचारलं.

भिमानं पुस्तक आपल्या मांडीवर ओढून घेतलं.

"पाढे ऱ्हाऊ दे तुला," ती म्हणाली. "मला वाचायचं दे."