कादंबरीतला नकार

मुक्या सिनेमात तोंडाने काहीही बोललं तरी खपायचं. ॲरिझोनाच्या माळावरच्या शूटिंगमध्ये नायक एल्मो प्रेमाच्या प्रसंगातही घोड्याला शिव्या घालायचा. त्या दिवशी मात्र गुडघ्यावर बसून, मान खाली घालून त्याने नायिकेला खरंच विचारलं, "वर्ना, लग्न करशील माझ्याशी?"

ज्या कादंबरीवरून सिनेमा बनत होता, तिच्यात नायिका नकार देते. एल्मोने वर पाहिलं तेव्हा वर्नाची मान नकारार्थी हलत होती आणि डोळ्यांत पाणी होतं. धूळ उडवणाऱ्या पंख्याच्या घरघरीत तिचे शब्द त्याला ऐकूच आले नाहीत. त्याचा चेहरा पडला.

"वा, गड्या! आज पहिल्यांदा अभिनय केलास," दिग्दर्शक ओरडला.

पुढचे तीन महिने एल्मो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

पहिल्या खेळाला दोघांना शेजारी बसवलं होतं. पडद्यावर नायिकेच्या संवादाची पाटी आली, 'नाही, कदापि नाही!' सगळं थिएटर हळहळलं. पुढच्या रांगेतलं एक बहिरं म्हातारं जोडपं मात्र टाळ्या वाजवू लागलं.

"ह्यांना काय झालं?" एल्मो पुटपुटला.

"त्यांना ओठ वाचता येतात," वर्ना म्हणाली. "मान कादंबरीतल्या पोरीने हलवली, बाबा. तोंडाने मी 'हो' म्हणाले होते. पण तुला माझं तोंड बघायचं होतं कुठे!"