लुंड सुताराच्या शेवटच्या चार ओळी

खोटं बोलत असेन तर जीभ झडो माझी, यातला शब्द न् शब्द खरा आहे. अमेरिकेतला एमेट पुढे मोठा कादंबरीकार झाला, पण विशीत तो आयोवातल्या एका गावच्या पेपरात मृत्युलेख लिहायचा. प्रत्येक मेलेला माणूस बारा ओळी भरलाच पाहिजे, असा संपादकाचा नियम. लुंड सुतार आठ ओळींतच संपला. मग एमेटनं दिलं ठोकून, की दर रविवारी तो नदीकाठी व्हायोलिन वाजवायचा.

पेपर निघाला आणि लुंडची बायको कचेरीत हजर. आता नोकरी गेली म्हणून एमेट घाबरला, तोच बाईनं टेबलावर व्हायोलिन ठेवलं.

"तुझं वाचून गोठा धुंडाळला. गवताखाली सापडलं. मला म्हणायचा, मासे धरायला जातो."

"बाई, मी ते मनानंच लिहिलं."

"थापा मारू नकोस. कुणासाठी वाजवायचा, तेवढं सांग."

एमेट चक्रावला. खरं बोलला ती थाप ठरली, आणि थाप मारली ती खरी निघाली. बाई हलेना, तेव्हा तो हळूच म्हणाला, "तुमच्यासाठीच. नीट जमलं की ऐकवणार होता."

बाई हसत घरी गेली, आणि एमेट गोष्टी लिहायला लागला. बरं, ती हसली, एवढं माझ्या पदरचं.