सुवेणी डॉट कॉम

"कोर्टात खेचणार म्हणताय? खेचा की," अनसाबाई म्हणाल्या आणि मोगऱ्याची पाटी वकिलाच्या बुटांशेजारी आदळली.

कोरेगाव भीमाला हायवेच्या कडेला त्यांचं शेत. रस्त्यापलीकडं 'सुवेणी केशतेल'चा कारखाना. वकील त्याच कारखान्याचा, पुण्याहून गाडी करून आलेला.

"आजी, 'सुवेणी' हा कंपनीचा ट्रेडमार्क आहे. तुमच्या थोरल्या मुलानं, बिरदेवानं, त्याच नावाचं डोमेन घेतलंय. म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता. आता कंपनीला वेबसाइट काढायची, तर जागा अडलेली. निकाल लागला की नाव तर जाईलच, वर भरपाई. शेतावर जप्ती यायची."

"पत्ता माझ्या सुनेच्या नावाचा हाय. तिचा मोगरा पुण्याच्या हाटेलात जातो तो त्याच्यावरनं. तुमच्या बाटलीला कोण विचारतंय?"

"सुनेच्या नावाचा?"

"सुवेणी!" अनसाबाईंनी हाक मारली. कुणी आलं नाही. "अगं ए सुवेणी! कानात बोळं घातल्यात का?"

सून पदर सावरत पाण्याचा तांब्या घेऊन आली. वकिलानं रेशनकार्ड मागितलं. नाव होतं. लग्नही वेबसाइटच्या आधीचं निघालं.

"आणि माहेरचं नाव?" त्यानं विचारलं.

सुनेनं मान खाली घातली.

"नकुशी," अनसाबाईंनीच सांगितलं. "पोरगी नको व्हती म्हणून बापानं ठेवलेलं. असलं नाव माझ्या उंबऱ्याच्या आत येत न्हाई. ताटात तांदूळ पसरलं आन् बिरदेवानं अंगठीनं नवं नाव लिव्हलं. आता तेबी तुम्ही तेल विकायला हिसकून घ्या! जावा, जजसाहेबाला सांगा, नकुशीला नकुशीच ऱ्हाऊ द्या म्हणून."

वकिलानं तांब्या खाली ठेवला. मग तो आवाज उतरवून म्हणाला, "बरं, मिटवून टाकू. आकडा सांगा."

अनसाबाई हसल्या. "आकडा सांगितला की म्हणाल, विकायलाच घेतलं व्हतं. सुनेचं नाव म्हंजी बाजारातलं मेंढरू हाय व्हय?"

दिवाळीच्या आत कंपनी नमली. नकुशीची गोष्ट पेपरात छापून आली तर तेल कोण डोक्याला लावणार, असं मोठ्या साहेबांना वाटलं असावं. अनसाबाईंचा सगळा मोगरा कंपनीनं तेलासाठी कायमचा बांधून घेतला. त्या बदल्यात पत्ता कंपनीच्या नावावर झाला. सून हो म्हणाली म्हणून सोडला, नाहीतर त्यांच्या बापालाही दिला नसता, असं अनसाबाई गावभर सांगत राहिल्या.

उन्हाळ्यात धाकट्या पोपटचं लग्न लागलं. नवरी मांडवगण फराट्याची, शितल. वरात घरी आली. ताटात तांदूळ पसरले. बिरदेव शेजारच्या खोलीत कॉम्प्युटर चालू करून बसला.

"आये, शितल चांगलं नाव हाय की," अंगठी हातात धरून पोपट म्हणाला. "ऱ्हाऊ दे तेच."

"गप." अनसाबाईंनी खिडकी उघडली. हायवेपलीकडच्या नव्या कारखान्यावर क्रेननं बोर्ड चढवत होते. "काय लिव्हलंय, वाच."

"ऑर्विना टायर्स."

"थोरल्यानं 'केशतेल' सोडलं, तसं तू 'टायर्स' सोड. बाकीचं लिही."