उंबऱ्यापलीकडची फुसाए

फुसाए जाऊन किती दिवस झाले, हे काही केल्या तोकुजीला आठवेना. बायको गेल्याचा दिवस विसरणारा नवरा म्हणजे कमालच, असं वाटून त्याला हसू आलं.

रोगणात मिसळायच्या थिनरच्या गोदामात तो जमिनीवर मांडी घालून बसला होता. बाहेर ओबोनची दुपार. पितर घरी यायचे दिवस, म्हणून देव्हाऱ्यांचा कारखाना बंद. एका देव्हाऱ्याला रोगणाचा शेवटचा हात द्यायचा तेवढा राहिला होता, त्यासाठी तोकुजी पिंपातून डबाभर थिनर काढायला आला होता. सकाळी आईच्या थडग्यावर जाऊन आलेला, सदराही तोच अंगात. डबाभर तर काढायचं, म्हणून त्याने वाफा बाहेर फेकणारा पंखा लावला नव्हता. पंख्याच्या घरघरीत झाडावरच्या किड्यांचं गाणं ऐकू येत नाही.

आज ते गाणं फार गोड लागत होतं. पिकल्या नाशपतीचा वास दरवळत होता. पिंपाची तोटी ठिबकत होती, टप्, टप्. जमिनीलगत हवा पाण्यासारखी हलत होती, आणि त्या पाण्यात तोकुजी कमरेइतका बुडून निवांत बसला होता.

एरवी हा माणूस असा बसणारा नव्हे. कारखान्यात त्याच्या बोटाची ख्याती होती. जिथेतिथे बोट रोखायचं आणि खड्या आवाजात ओरडायचं, ‘झाकण, ठीक! तार, ठीक!’ नियमच होता तो, पण तोकुजीइतका जीव ओतून कोणी ओरडत नसे. कामगार त्याच्या पाठीमागे नकला करत. फुसाए तोंडावर करायची. जेवायला वाढताना बोट रोखून म्हणायची, ‘भात, ठीक! आमटी, ठीक! नवरा, चालवून घ्या!’

त्या आठवणीने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात अंगणात लाकडी चपला वाजल्या. थांबल्या. मग कुठेतरी भसकन पाणी ओतल्याचा आवाज. मग काहीच नाही.

आणि दारात फुसाए उभी होती.

अंगभर पांढरं. केस मोकळे, त्यांतून पाणी निथळतंय. चेहऱ्याच्या जागी डोळे तेवढे, खाली सगळं पांढरं. तोंडच नाही! तोकुजीने तिचे पाय पाहायचा प्रयत्न केला. सांडलेलं बाहेर वाहू नये म्हणून गोदामाचा उंबरठा गुडघाभर उंच बांधलेला. त्याच्या पलीकडे पाय होते की नव्हते, कोण जाणे.

‘आलीस?’ तो म्हणाला. ‘अगं, थांब जरा. तू जाऊन एवढे दिवस झाले, आणि ओबोन असून तुझ्यासाठी अजून उदबत्तीसुद्धा लावली नाही मी.’

त्याने खिशातून सकाळच्या उरलेल्या उदबत्त्या काढल्या. मग काडेपेटी.

ती काडेपेटीकडे बघत राहिली. मेलेल्यांना बोलायला वेळ लागत असावा.

‘लावू नका,’ लांबून यावा तसा आवाज आला. ‘मला धूर सोसत नाही.’

‘जिवंतपणी तर सोसायचा.’

‘अहो, मेलंय कोण? तुम्ही की मी? कोणाला जास्त कळतं?’

हे मात्र पटण्यासारखं होतं. ‘मग आत तरी ये. नाहीतर दिवा लावतो. तुझा चेहरा दिसत नाही नीट.’

‘बटणाला हात लावू नका!’ ती केवढ्याने ओरडली! मग पुन्हा हळू, ‘उजेडही चालत नाही आम्हाला. तुम्हीच चला माझ्याबरोबर.’

आजीने लहानपणी सांगितलेलं तोकुजीला आठवलं, ओबोनला आलेल्या पितराच्या मागे जाऊ नये. गेलेला माणूस परत येत नाही.

‘कायमचं?’ त्याने विचारलं.

‘ते बाहेर आल्यावर बघू.’

‘अगं, पण देव्हारा राहिलाय. परसात पेरलेला मुळा राहिलाय. मी अजून...’

‘मुळा मरू दे!’ ती म्हणाली. ‘मी एकटी आहे हो इथे.’

एकटी. त्या शब्दाने तो विरघळला. तिच्याविना भात गिळत बसायचं, त्यापेक्षा जावं झालं. तो उठला. त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

‘काडेपेटी त्या वाळूच्या बादलीत पुरा. तिकडे आग नेता येत नाही.’

त्याने पुरली.

‘पाय घासू नका. उचलून टाका.’

‘मरतानाही कटकट!’

‘आणि दाराची तांब्याची पट्टी. हात लावा तिला.’

अंगातली वीज जमिनीत उतरावी, ठिणगी उडू नये, म्हणून गोदामात येणाऱ्या प्रत्येकाला त्याने आयुष्यभर त्या पट्टीला हात लावायला लावला होता. पलीकडच्या दारालाही तोच नियम निघावा, याचं त्याला बरं वाटलं. त्याने मुकाट्याने पट्टीला तळवा टेकवला, मागे वळून आपल्या पिंपांकडे एकदा डोळे भरून पाहिलं, आणि उंबरठा ओलांडला.

तिचा हात बर्फासारखा गार आणि ओला होता. तिने त्याला फरफटत नेलं, अंगणातून, नळाजवळच्या रिकाम्या बादलीशेजारून, वाऱ्याच्या बाजूला, पार पर्सिमनच्या झाडापर्यंत. तिथे गवतावर तो कोसळला. मरण असं असतं तर, त्याला वाटलं. डोकं ठणकतं आणि ओकारी येते.

झाडाखाली लाकडी चपला काढून ठेवल्या होत्या. शेजारी रुमालात बांधलेला जेवणाचा डबा.

फुसाएने चेहऱ्यावरचा ओला पंचा ओढून काढला. खाली तोंड होतं, आणि ते थरथरत होतं. ती ताठ उभी राहिली आणि तिने गोदामाकडे बोट रोखलं.

‘तोटी, उघडी! पंखा, बंद! काडेपेटी, वाळूत!’

मग ते बोट त्याच्यावर आलं. ‘नवरा, जिवंत!’

आणि शेवटी तिने ते स्वतःच्या छातीवर टेकवलं.

‘बायको, जिवंत!’