डिसेंबरची विहीर

“आप्पा, या की आत. पाणी कोमट हाय,” कुमार विहिरीतून ओरडला.

खोटं नव्हतं ते. सकाळच्या वेळी पाण्यावर वाफा तरंगत होत्या आणि कुमार मधोमध उताणा पडला होता. वर काठावर त्याचे वडील पारिसाप्पा स्वेटर, शाल आणि कानटोपी अशा थाटात उभे होते.

कुमार कॅनडातून दर डिसेंबरला यायचा आणि आल्या आल्या विहीर गाठायचा. आमच्याकडं नदीचा बर्फ होतो, ही कसली थंडी, हे त्याचं वाक्य आता गावातल्या पोराटोरांनाही पाठ होतं. गावाचं म्हणणं वेगळं होतं. विहिरीत उतरायचं ते चैत्रात, ऊन चांगलं तापल्यावर. थंडीत पोहणारा एक तर खुळा, नाहीतर पाहुणा. कुमार याच विहिरीत पोहायला शिकला होता, तरी अलीकडे गाव त्याला पाहुण्यातच धरायचं.

शेजारचा भरमू तंबाखूच्या रानाकडं निघाला होता. तो बांधावर जरा थांबला.

“थंडी पाण्यात नसतीया, कुमार. भाईर आल्यावर असतीया,” असं म्हणून मफलर आवळत तो पुढं गेला.

“भ्यालासा व्हय, आप्पा?” कुमार हसत म्हणाला. “मला शिकवतानं तर ढकलून देत हुतासा.”

पारिसाप्पांनी टोपी काढली, शाल काढली, स्वेटर काढून नीट घडी करून दगडावर ठेवला. मग धोतराचा काचा मारला आणि एकेक पायरी चाचपत खाली उतरले. पाण्यात शिरल्यावर मात्र गडी एकदम हलका झाला. बापलेकांनी शेजारी शेजारी विहिरीला फेरी मारली. पारिसाप्पांनी पाण्याची चूळ भरून कुमारच्या तोंडावर मारली, तेव्हा कुमारला वाटलं, एवढ्यासाठी सुद्धा इतक्या लांबून यावं.

घोटाळा झाला तो त्यानंतर. कुमार आधी वर आला, त्यानं आपला जाडजूड टॉवेल अंगाभोवती गुंडाळला आणि मोबाईल काढला.

“आप्पा, थांबा तिथंच पायरीवर. तिकडं कॅनडात पोरांना दाखवतो. हात हलवा.”

पारिसाप्पांनी ओल्या अंगानं हात हलवला. वारं सुटलं होतं. पहिल्या वेळी कुमारचं बोट मध्ये आलं, म्हणून त्यांनी पुन्हा हलवला. तिसऱ्यांदा हसूनही दाखवलं. त्यांचे हात थरथरत होते, हनुवटी उडत होती, आणि त्या सगळ्याची कुमारला गंमतच वाटली. व्हिडिओत त्याचा स्वतःचा आवाज होता, “बघा, आजोबा कसा डान्स करतात.” तो त्यानं तिथूनच पोरांना पाठवून दिला.

घरी पोचेपर्यंत पारिसाप्पांचे ओठ निळे पडले होते. कुमारच्या थोरल्या भावाच्या बायकोनं, त्रिशलानं, त्यांना चुलीपुढं बसवलं, दोन घोंगड्या पांघरल्या आणि तळपायाला सुंठ चोळायला घेतली. त्यांच्या छातीतून बारीक सूं सूं आवाज येत होता. डॉक्टरांना फोन झाला होता, ते निपाणीहून निघाले होते. करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कुमार चुलीत लाकडं सारत बसला.

“भावजी,” त्रिशला हळू आवाजात म्हणाली, “मागच्या थंडीत तुमी गेल्यावर आप्पांची छाती कफानं भरलीती. दवाखान्यात ठेवलंतं. तुमास्नी कळवायचं न्हाई म्हणाले. तिकडं पोरगं घोर करत बसंल म्हणाले.”

कुमारनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

“तवापासनं विहिरीत पाय घातला न्हवता. चैतात हितली नातवंडं मागं लागलीती. तरीबी न्हाई.”

“मग आज कशाला उतरले?”

त्रिशलानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि सासऱ्याचा दुसरा पाय मांडीवर घेतला.

कुमारच्या खिशात मोबाईल थरथरला. पोरांचं उत्तर आलं होतं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे, ओळीनं. कुमारला स्वतःची किळस आली. आपण बापाला पायरीवर उभं करून नाचवलं, आणि तो नाचला, हे त्याच्या मनातून जाईना.

डॉक्टर पोचायच्या आधीच पारिसाप्पांच्या दातांची कडकड थांबली. श्वास जरा सरळ झाला. त्यांनी डोळे उघडले.

“उद्या जरा ऊन वर आल्यावर जाऊ रं,” ते म्हणाले.

कुमारनं हातातलं लाकूड खाली ठेवलं. तुम्हाला झेपत नाही म्हणावं, तर म्हातारा मुद्दाम उतरणार. मला एकट्याला पोहू द्या म्हणावं, तरी काठावर येऊन कुडकुडत उभा राहणारच.

“नगो, आप्पा,” तो म्हणाला. “मलाच सोसंना झालंय. औंदा लई गारठा हाय.”

पारिसाप्पांनी त्याला निरखून पाहिलं. बाहेरच्या बोचऱ्या वाऱ्यात रोज उघडाबंब हिंडणारा पोरगा चुलीला चिकटून बसला होता. त्यांचा चेहरा खुलला.

“आता कसं गावातल्यावानी बोललास,” ते म्हणाले. मग घोंगडीतून हात काढून त्यांनी कुमारच्या गुडघ्यावर ठेवला. “मग ऱ्हा की चैतापातुर. तवा पाणी बेस असतंय.”

त्रिशलाचा सुंठ चोळणारा हात थांबला. कुमार वाकला आणि चांगलं धडधडून पेटलेलं लाकूड फुंकत राहिला.