बांगड्यांवरची पट्टी

कापसाचे भाव पडून दारव्ह्याची जिनिंग बंद पडली, त्याच साली माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. गळ्यातलं काढून यांच्या हातात दिलं, पण हिरव्या बांगड्या मी उतरवू दिल्या नाहीत. त्यांच्या आवाजावरून हे मला कापसाच्या उभ्या पऱ्हाटीतही ओळखायचे. शेवटी सिस्टरनं बांगड्यांवर चिकटपट्टी घट्ट गुंडाळली.

शुद्धीवर आले तेव्हा सगळं ऐकू येत होतं. पापणी मात्र उघडत नव्हती.

"अंग ढिलं पाडणारं औषध उतरवायचं इंजेक्शन दिलंय," भूल देणारे डॉक्टर म्हणाले. "बेबीताई, माझा हात दाबा."

मी सगळा जीव बोटांत आणला. एकही बोट हललं नाही.

माझ्या उशाशी बांगड्या किणकिणल्या.

"शाब्बास! आता मान उचला."

माझी मान टेबलावरच होती. बांगड्या पुन्हा किणकिणल्या.

"छान. न्या यांना बाहेर."

स्ट्रेचरची चाकं मला टेबलावरच सोडून दाराकडे गेली. दारात यांचा आवाज आला आणि माझा जीव भांड्यात पडला. हे तर ओळखतीलच.

"कसं वाटून राह्यलं?" यांनी विचारलं.

"बरं हाय," कुणीतरी माझ्याच आवाजात म्हणालं.

"थांब, मंगळसूत्र घालून देतो."

काळे मणी वाजले. मग यांनी आवाज एकदम खाली आणला.

"आतली जागी हाय काय?"

"जागी हाय. पण तिच्या बांगड्या वाजत नाहीत."